चाकणचा दालचा

साताऱ्याहून बस सुटली, तेव्हा आमच्या पिशवीत पहिल्यांदाच लोणच्याची बरणी नव्हती. मोठ्या तापानंतर ह्यांच्या तोंडाची चव गेली होती. लोणचं काय आणि पुठ्ठा काय, सारखंच. जन्मभर माझ्या स्वयंपाकात खोड्या काढणारा माणूस आता मुकाट्यानं दोन घास गिळून उठायचा. वजन उतरलं, बोलणं आटलं. डॉक्टर म्हणाले, "येईल चव, पण कधी ते सांगता येत नाही." घरात बसून ते पाहवेना, म्हणून वाकडला बहिणीकडे निघालो. शहरात हरतऱ्हेचं खायला मिळतं, कुठेतरी जीभ जागी होईल, अशी माझी वेडी आशा.

चिंचवडला मिसळ खाल्ली. लालभडक तर्री, नाकातून पाणी.

"कशी आहे?"

"नुसतं पोळतंय."

ताथवड्याला कॉलेजच्या पोरांच्या गर्दीत उभं राहून डोसा खाल्ला. चटणी फक्कड होती, पण ह्यांनी अर्धा माझ्याकडे सरकवला. माझा धीर सुटत चालला होता, म्हणून मी आणखीच बडबडत होते.

दुसऱ्या दिवशी चाकण. कंपन्यांच्या गेटबाहेर देशभरच्या कामगारांसाठी गाडे लागतात, असं बहिणीनं सांगितलेलं. पोहोचलो तर रस्ता सामसूम, गाड्यांवर ताडपत्र्या.

"आज बेस्तरवार (गुरुवार) न्हाई का!" रिक्षावाले काका हसले. "कंपन्यांना सुट्टी. गाडं कुणासाठी लावायचं? गॅरेजशेजारी चाचांचं हाटेल उघडं आसंल. चला, सोडतो."

चाचांनी दालचा (चिंच घातलेली आंबट डाळ) आणि भात पुढे ठेवला. "बिनधास्त खा, भाभी. गुरुवारी निम्मी गिऱ्हाइकं मटण खात नाहीत, म्हणून आज दालच्यात फक्त दुधी. पातेलंही वेगळं."

ह्यांनी एक घास घेतला. थांबले. दुसरा घेतला. कपाळाला आठी पडली.

"चिंच जास्त झालीय."

"काय सांगता, साहेब?" चाचा दुखावले. "आजवर कुणी नाही बोललं!"

मला हुंदकाच फुटला. चाचा घाबरले. "भाभी, रडू नका, दुसरं काही बनवून देतो!"

"नको, ह्यांना हेच वाढा," मी म्हणाले आणि सगळी हकिगत सांगितली. चाचांनी पातेलंच टेबलावर आणून ठेवलं. हे पुन्हा पुन्हा भात मागून जेवले, वर दुधी जरा कच्चा राहिल्याचंही सांगून टाकलं. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

लोक प्रवासाला काही नवं बघायला जातात. मी माझा जुना नवरा शोधायला गेले होते. तरी मनात धाकधूक होतीच, म्हणून घरी आल्यावर पहिल्यांदा पिठलं केलं.

"अगं, ह्यात मीठच नाही," हे करवादले.

मी मुद्दामच घातलं नव्हतं.