दोघांनी एकदम घाबरायचं नाही

वसंतराव गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांना दवाखान्यात भेटलो, आणि मला बघून ते हसले. महिना उलटून गेला, तरी त्या हसण्याचा मला उलगडा होत नाही. त्यांना खरंच कसली भीती वाटत नव्हती, की माझा चेहरा बघून... पण आता विचारणार कुणाला? असलं काही अडलं की त्यांनाच विचारायचं, हा माझा इतक्या वर्षांचा शिरस्ता.

वसंतराव माझे साडू. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. ते जामबागेतल्या कॉलेजात गणित शिकवायचे, मी सरकारी कचेरीत फायली पुढे सरकवायचो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सरकारनं उद्योगधंदे मोकळे केले, आमच्या अंबरपेठेत किराणा दुकानातसुद्धा शेअरच्या गप्पा सुरू झाल्या, तेव्हा आम्ही दोन्ही घरांची शिल्लक एकत्र गुंतवायचं ठरवलं. माझं म्हणणं साधं होतं, जे वाढतंय ते घ्यावं. वसंतरावांचं म्हणणं मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. ते रविवारी अफझलगंजच्या लायब्ररीत बसून जुन्या वर्तमानपत्रांतले भाव उतरवून आणायचे, प्रत्येक कंपनीच्या चढउताराची रेघ वेगळ्या ट्रेसिंग पेपरवर काढायचे आणि दोन कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावायचे. दोन्ही रेघा बरोबरीनं वरखाली झाल्या की त्यातला एक कागद बाजूला. "हे जुळे आहेत, साडूभाऊ. एकाला ताप आला की दुसरा कण्हणारच. दोघांना घरात कशाला घ्यायचं?"

एकदा मी मोठ्या ऐटीत सिमेंट, पोलाद आणि रंग अशा तीन कंपन्या निवडून नेल्या. तीन वेगळे धंदे, आता काय बोलणार! त्यांनी कागद काचेला लावले, तर तिन्ही रेघा हातात हात घालून चाललेल्या. "लोकांनी घरं बांधणं थांबवलं की हे तिघंही घरी बसणार," असं म्हणून त्यांनी सिमेंट तेवढं ठेवलं आणि सोबत चहाच्या मळ्यांची एक रडकी कंपनी घेतली. बाकीचे वर गेले की ही खाली, बाकीचे खाली आले की ही जराशी वर. तेजीत शेजारीपाजारी पेढे वाटत होते आणि आमचा चहा आपला बसलेला. माझा नुसता संताप व्हायचा, आणि हा माणूस खूश! "अहो, एक तरी पडतोय म्हणजे आपलं बरं चाललंय." याचा अर्थ काय लावायचा? त्यांच्यासमोर मी मान डोलवायचो, परतीच्या बसमध्ये बसलो की पुन्हा सगळा गोंधळ.

मग बाजार कोसळला. मी तडक त्यांचं जामबागेतलं घर गाठलं. चहासुद्धा पडला होता. "तुमच्या रेघांचा काय उपयोग झाला?" मी जवळजवळ ओरडलोच. वसंतराव माझ्याकडे बघत राहिले आणि हसले. "घबराट झाली की सगळेच जुळे होतात. परेशान नक्को होऊ हो, साडूभाऊ. तुम्ही एवढे घाबरलात, आता मला घाबरून कसं चालेल? घरात दोघांनी एकदम घाबरायचं नाही." तेवढ्यात त्यांच्या पत्नी, मालूताई, आतून म्हणाल्या, "सकाळपासून हेच येरझारा घालत होते. तुम्ही आलात आणि हसायला लागले."

तेव्हा मी ते चेष्टेवारी नेलं. पुढे बाजार सावरला, मी हुरळून कॉम्प्युटरच्या कंपन्यांमागे लागलो, तर हे तोंड पाडून बसले. "तुम्ही म्हणजे माझा चहाचा शेअर आहात," असं मला चिडवायचे. ती स्तुती होती की टोमणा, देव जाणे.

दवाखान्यात मी शिरलो तो दाराची चौकट धरूनच उभा राहिलो. त्यांनी बघितलं, हसले आणि म्हणाले, "नक्को हो, साडूभाऊ..." बस, एवढंच. आता राहून राहून वाटतं, मी जरा हसत गेलो असतो, तर मला भीती वाटते असं त्यांना म्हणता आलं असतं का?

गेल्या आठवड्यात मालूताईंनी बोलावलं. "सगळे सांगतात, तो चहा विकून टाका, कॉम्प्युटर घ्या... काय करू?" त्या म्हणाल्या. त्यांनी कागद काढून दिले. मी चहाचा आणि सिमेंटचा कागद एकावर एक ठेवून त्याच काचेला लावला. एक रेघ वर, एक खाली. विकायचा नाही, मी म्हणालो. का, ते मात्र मला धड सांगता येईना.

"श्रीधरराव, ह्यांना शेवटी भीती वाटली असेल का हो?" मालूताईंनी विचारलं आणि त्या रडू लागल्या.

"छे हो! हसत होते ते," मी म्हणालो आणि स्वतःही हसून दाखवलं. मग त्यांच्याकडे पाठ करून, दोन्ही हातांनी ते कागद काचेवर दाबून धरले आणि त्यांचं रडणं थांबायची वाट बघत उभा राहिलो. माझी पाळी त्यानंतर होती.