लाल ठिपके, निळे ठिपके

क्षिप्राच्या बीएस्सी प्रवेशाच्या फॉर्मात अलिबागचं कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकलं ते मी. तिने कागदावर पाच नावं लिहून दिली होती. सगळ्यात वर पुण्याचं, कारण तिथे मेंदूच्या पेशींवर काम चालतं, अलिबाग पाचवं. पण मुरूडच्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात मी सहा वर्षं फॉर्म भरतोय, आणि इकडची पसंती एसटीच्या पासावर ठरते: जवळचं आधी, लांबचं मागाहून. हात सवयीने चालले. फोनवरून तिचा ओटीपी घेतला, फॉर्म पक्का केला आणि वडापाव खायला गेलो.

पहिल्याच फेरीत अलिबाग लागलं. पहिली पसंती मिळाली की पुढच्या फेऱ्या बंद, असा नियम.

ती आली, स्क्रीन वाचली.

"ऋत्विकदादा, हे बदलता येतं?"

"नाही. हेल्पलाइनला चारदा विचारलं."

"बरं."

माफीचं भाषण तयार होतं माझं. त्याला गिऱ्हाईकच मिळालं नाही.

तिला हे मेंदूचं वेड लागलं ते अण्णांमुळे. अण्णा तिचे वडील. काशीदच्या रस्त्याला त्यांची सुपारीची वाडी आहे. तीन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. हात पुन्हा हलू लागला, पण उजव्या पंज्याला गरम-गार कळेना. एकदा चहाच्या पातेल्याला पंजा टेकवून ते निवांत पेपर वाचत बसले होते. तेव्हापासून दर रविवारी क्षिप्रा त्यांना डोळे मिटायला लावते, टाचणी टोचते आणि वहीत पंजा काढते. कळलं तिथे निळा ठिपका, नाही तिथे लाल. हात हलतो, मग त्याची खबर वर पोचत का नाही, एवढंच तिला शिकायचं होतं.

अण्णांना सांगायला मी वाडीत गेलो.

"जवळच झालं की," अण्णा म्हणाले. "पुण्याहून काय टोचायला येणार होती?"

क्षिप्रा सुपाऱ्या सोलत होती. मान वर नाही.

"पुढच्या वर्षी परत भरू," मी म्हटलं.

"वर्षभर काय करू? हेच सोलू?" ती म्हणाली. "तू भरलंस ना, मग कॉलेज बघायला तूच चल."

अलिबागला प्राणिशास्त्राच्या कुमुद मॅडम भेटल्या. "न्यूरोसायन्स इथे नाही," त्या सरळ म्हणाल्या. "झुरळं आहेत. एमएस्सीला जा पुण्याला." मग त्यांनी क्षिप्राने आणलेली ठिपक्यांची वही चाळली, बराच वेळ. "काम चांगलं आहे, पण अर्धं. तुलनेला धडधाकट हात कुठाय? निदान दहा रविवारांचा हवा. तो झाला की पुण्यात माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत, त्यांना पाठवू."

क्षिप्राने माझ्याकडे बोट केलं. "हा देईल."

तिने प्रवेश घेतला. सकाळी पावणेसातची एसटी पकडते. चिडली असेल तर कुठे, ते अजून सापडलेलं नाही. रविवारी मी वाडीत जातो, डोळे मिटून उजवा हात पुढे करतो. शेजारी अण्णा हसत बसतात.

"कळलं?"

"कळलं."

"इथे?"

"कळलं गं बाई."

निळा, निळा, निळा. टोचताना ती जरा जास्तच दाबते असा मला संशय आहे. ती म्हणते, अण्णांना टोचते तेवढंच.

नऊ रविवार झाले. दहाव्याला स्कॉलरशिपच्या फॉर्मांची गर्दी होती, मी गेलो नाही. तो अजून द्यायचाय.