कौसाबाईंच्या घरचे सत्र

नगरहून पाथर्डीला निघालेली एसटी निम्मी रिकामी होती. समोरून मात्र ट्रकमागून ट्रक येत होते. त्यांत माणसे, भांडी, शेळ्या, खाटा आणि पालथ्या डालग्यांखाली कोंबड्या. दिवाळी झाली की या तालुक्यातली कित्येक कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात. करंजी घाट उतरताना कंडक्टरने प्रत्येक ट्रककडे पाहून हात हलवला. बहुतेकांत त्याच्या ओळखीचे कुणीतरी होते.

पुण्यात दर पावसाळ्यात काही परदेशी विद्यार्थी एका सत्रासाठी शिकायला येतात आणि हिवाळ्यात परततात. त्यांच्यावर मला लेख लिहायचा होता. बहुतेक जण शहरातच राहतात. स्वीडनची ॲना मात्र पाथर्डी तालुक्यातल्या एका गावात राहिली होती. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या मुलांच्या शाळेचे काय होते, हा तिचा अभ्यासाचा विषय होता.

पाथर्डीत उतरून जीप धरली.

"गोरीच्या गावाला का?" ड्रायव्हरने विचारले. "बसा. भरल्याबिगर हालायची न्हाई."

जीप भरली, हलली आणि गावाच्या अलीकडे पंक्चर झाली. उरलेली वाट सगळ्यांनी पायी काटली. दोन्ही बाजूंना काढणी झालेली बाजरीची राने, पुढे उघडे डोंगर. ऊन स्वच्छ होते आणि दूरवरचे माणूसही स्पष्ट दिसत होते.

कौसाबाईंचे घर दगडमातीचे, वर पत्रा. ओसरीवर त्यांची सून मंदा आणि ॲना शेंगोळ्या (हुलग्याच्या पिठाच्या वळलेल्या कांड्या, रश्शात शिजवलेल्या) करत बसल्या होत्या. गावाने ॲनाची अनू केली होती.

"ह्या शेंगोळ्या न्हाईत, अनू," कौसाबाई म्हणाल्या. "ही बैलाची वेसन हाय."

"आजी, कृपया चव बघून बोला," अनू म्हणाली.

"कृपया म्हनं! पुस्तकावानी बोलतीया." मंदा हसून पिठातच वाकली.

जेवण चांगले झाले. जाड शेंगोळ्यांत लसूण-मिरचीचा रस्सा अधिक मुरतो, असे माझे मत झाले. ते मी बोलून दाखवले, तेव्हा कौसाबाईंनी ते पाहुण्याचा शिष्टाचार म्हणून सोडून दिले.

कौसाबाईंचा मुलगा बबन आणि मंदा मिळून एक कोयता. टोळीत माणसे मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोघे फडात असताना लहान भावाला सांभाळायला थोरली मुलगी सुनीता दरवर्षी बरोबर जाते. त्यामुळे शाळेचे दुसरे सत्र तिला कधी मिळालेले नाही. परतल्यावर गुरुजी कारण विचारतात आणि सगळी मुले एकच उत्तर देतात: घरी काम होतं. यंदा ती सातवीत होती. वार्षिक परीक्षा दिली तर हायस्कूलला जाता येईल, असे गुरुजी घरी येऊन सांगून गेले होते.

"मग नातवाला सांभाळायला तुम्ही का जात नाही?" मी कौसाबाईंना विचारले.

"अन् घराला दिवा कोन लावील?" त्या म्हणाल्या. "घर अंधारात ठिवत न्हाईत. शेजारची पारी असती तर पोरीला तिच्या भरवशावर ठिवली असती. पारी गेलीया लेकीच्या बाळंतपणाला. ती यील मार्गशीर्ष सरता सरता."

दुसऱ्या दिवशी सकाळी टोळीचा ट्रक निघणार होता आणि अनूही त्याच ट्रकने जाणार होती. काही आठवडे कोपीत (उसाच्या पाचटाची झोपडी) राहून बाकीचा अभ्यास पुरा करायचा, असे ठरले होते. परवानगीसाठी ती दिवाळीआधीपासून टोळीच्या मुकादमाच्या मागे होती. संध्याकाळी तो ओसरीवर आला.

"हिला मोजू कशात?" तो मला म्हणाला. "एकटं मानूस म्हंजे अर्धा कोयता. त्यात तोडायचं न्हाई. म्हंजे नुसती मूठच की!"

"मूठ नसेल तर कोयता धरणार कुठे?" अनूने विचारले.

"लई शानी झाली. चढ सकाळी," मुकादम म्हणाला आणि चहाचा दुसरा कप मागितला.

दिवेलागणीला वीज गेली. अनूने कोनाड्यातल्या देवापुढे दिवा लावला आणि शेजारी कंदील ठेवला. कंदिलाच्या उजेडात सुनीता भूगोल वाचत होती. उद्या जायचे आहे हे ठाऊक असूनही ती धड्याखालचे प्रश्न सोडवत होती. आल्या आल्या पहिल्या दिवशी अनूने देवाचा दिवा फुंकरीने विझवला होता. तोंडाची फुंकर दिव्यावर घालत नाहीत. कौसाबाई तेव्हा इतक्या बोलल्या होत्या, की शेजारी जमा झाले होते. आज जेवणे झाल्यावर अनूने झेंडूचे फूल घेतले, त्याने वात अलगद तेलात सारली आणि हात जोडले. कौसाबाई भिंतीला टेकून पाहत होत्या.

सकाळी ट्रक आला. खाट, भांडी, पिठाचे डबे चढले. अनूची पिशवी चढली. सुनीता भावाला मांडीवर घेऊन गाठोड्यावर बसली. दप्तर तिने घरातच खुंटीला अडकवले होते. ती रडत नव्हती. समोर शाळेची इमारत होती आणि ती दुसरीकडे बघत होती.

कौसाबाई घरातून बाहेर आल्या. त्यांच्या काखेत त्यांचे स्वतःचे बोचके होते.

"सुनीते, उतर खाली."

"आई, अन् घर?" बबन म्हणाला.

"घराला दिवा लागंल." त्या अनूकडे वळल्या. "पारी येस्तवर तू ऱ्हातीस का हिच्याजवळ? तुजा अब्यास हाय, मला ठावं हाय. जायचं आसंल तर जा. मी रागवायची न्हाई."

इतके दिवस मागितलेली परवानगी अनूला मिळाली होती. पुण्यात तिचे प्राध्यापक कोपीतल्या टिपणांची वाट पाहत होते. मार्गशीर्ष सरल्यावर तिचे सत्र संपत होते, पुन्हा येणे नव्हते. तिने पिशवीकडे पाहिले, मग सुनीताकडे.

"आजी, तुमचे गुडघे?" तिने विचारले.

"कोपीत काय नाचायचंय मला?"

अनूने वर हात केला. "कृपया माझी पिशवी खाली द्या."

ट्रक हसला. मुकादम ओरडला, "घ्या! मूठ उतरली अन् म्हातारा कोयता चढला!"

"म्हातारा तुजा बाप," कौसाबाई म्हणाल्या आणि बबनचा हात धरून चढल्या. सुनीताने भावाला आजीच्या ओटीत दिले आणि खाली उडी मारली. बाळाने भोकाड पसरले. मंदा ट्रक वळेपर्यंत सूचना देत होती: कोंबड्या कोंड, पीठ झाकून ठेव, अनूला शेंगोळ्या करू देऊ नको.

दुपारच्या जीपने मी निघालो. शाळा भरली होती. सातवीच्या वर्गात मुले विरळ झाली होती, पण खिडकीजवळ सुनीता होती. अनू मला सोडायला फाट्यापर्यंत आली.

"माझ्या सरांना सांगाल? मी फडावर गेले नाही."

"कारण विचारतील."

तिने थोडा विचार केला. "सांगा, घरी काम होतं."

एसटी करंजी घाट चढली तेव्हा दिवेलागण झाली होती. परदेशात शिकायला गेलेल्या विद्यार्थ्यांबद्दल मी बरेच ऐकले होते. ते काय घेऊन परततात, याचे हिशेब सगळेच मांडतात. ज्याच्या हाती घराचा दिवा सोपवून घरच्यांना निघून जाता येईल, असा त्यांच्यातला कुणी तिथे झाल्याचे ऐकले नव्हते.

पुण्यात निरोप जसाच्या तसा दिला. प्राध्यापकांनी चष्मा काढला.

"घरी? कुणाच्या घरी?"

मी गावाचे नाव सांगितले.