वहिनींचा कोरडा हौद

"काका, आई गेली," असं माझ्या पुतण्याने, संजयने, खंडव्याहून फोनवर सांगितलं, तेव्हा मी त्याला विचारलं, "मग आज पाणी कोण मारणार?" तो म्हणाला, "तुम्ही मारा, काका." मी "बरं" म्हणालो, फोन ठेवला, पायजमा बदलला आणि बायकोला चहा टाकायला सांगितलं. बातमी सांगायची राहूनच गेली. अर्धा कप झाल्यावर तिने विचारलं, कोणाचा फोन होता, तेव्हा सांगितली. ती रडली. मला रडू आलं नाही, आणि पुढे कित्येक आठवडे आलं नाही. लोक म्हणतात धक्का बसला की असं होतं. असेल. मला एवढंच आठवतं की चहा गोड झाला होता आणि तसं मी बोलूनही दाखवलं.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, कुसुमवहिनी. आमच्या राजपुऱ्यात मात्र त्या सगळ्यांच्या 'पीटीवाल्या मॅडम'. तीस-बत्तीस वर्षं मुलींच्या शाळेत कवायत शिकवली. आज चाळिशीला आलेल्या बायकासुद्धा त्यांना पाहिलं की बाजारात पिशवी खाली ठेवून ताठ उभ्या राहायच्या. भाऊ गेल्यावर त्या खचतील असं आम्हाला वाटलं होतं. त्या तेराव्यानंतरच्या आठवड्यात पुन्हा चप्पल घालून सकाळी फिरायला निघाल्या. बोलणं कमी, चालणं जास्त, आणि हसू आलं की पदर तोंडात धरून हसायच्या, इतक्या की डोळ्यांतून पाणी यायचं. मी त्यांच्या अगदी उलट. पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात जन्मभर ड्राफ्ट लिहिले, शुद्ध हिंदीत; इकडे सरकारी कारभार हिंदीतच चालतो. माझ्या ड्राफ्टमध्ये साहेबाने कधी काना-मात्रा बदलली नाही, हे मी लग्नाकार्यात ओळख नसलेल्या माणसालाही सांगतो. हा माझा स्वभाव, आणि पुढचं सगळं त्याच्यामुळेच झालं.

सुरुवात निकितापासून. निकिता आमच्या मागच्या गल्लीतली, आठवीतली पोर. तिची आई वहिनींची विद्यार्थिनी. या पोरीला तिच्या मामाने चाकं लावलेली एक फळी आणून दिली होती, तिला ती 'बोर्ड' म्हणायची. राजपुरा दरवाजाकडच्या उतारावर ती आणि तिच्या चार-पाच मैत्रिणी त्या एका फळीवर पाळीपाळीने घसरत यायच्या. एक दिवस केळीने भरलेली गाडी समोरून आली आणि निकिता तिच्याखाली जाता जाता राहिली. गर्दी जमली, ड्रायव्हर ओरडला, कुणीतरी पोरीच्या पाठीत धपाटाही घातला. वहिनी भाजी घेऊन तिथूनच येत होत्या. त्यांनी पोरीचे गुडघे पाहिले, हाताची बोटं हलवायला लावली आणि म्हणाल्या, "मोडलं नाही काही. आता बाजूला ये आणि परत करून दाखव, कशी वळतेस ते." पोरीने दाखवलं. घरी येऊन वहिनींनी भाजीची पिशवी माझ्याच ओट्यावर ठेवली आणि म्हणाल्या, "अनंतभाऊजी, या पोरींना जागा पाहिजे. रस्त्यावर मरतील एखाद दिवस. तुम्ही अर्ज लिहा."

अर्ज म्हटलं की माझ्या अंगावर मूठभर मांस चढतं. पण त्याआधी सह्या हव्या होत्या. संक्रांत जवळ आलेली. वहिनींनी सुनेच्या नावाने हळदीकुंकू ठरवलं आणि वाण म्हणून प्रत्येकीला एक-एक पेन दिलं. पेन हातात पडलं की पुढे कागद. "चाललं नाही तर बदलून देते, आधी इथे चालवून बघ," असं म्हणत स्वतः कोपऱ्यात खुर्ची टाकून बसल्या. दोघी-तिघी कुजबुजल्या, की विधवा बाईने वाण वाटावं का. वहिनींनी ऐकलं, त्यांनाही पेन दिलं, त्यांचीही सही घेतली. पानापानावर हळदीची बोटं उमटली होती. पुढे पालिकेच्या ऑफिसातल्या बाबूने विचारलंच, "मैडम, ये पीला-पीला क्या है?" वहिनी म्हणाल्या, "हल्दी है भैया, शगुन समझो."

आता माझी चूक. निकिताने मला सांगितलं होतं, आजोबा, उसको स्केटपार्क बोलते हैं, वैसाच लिहा. मी म्हटलं, शासकीय पत्रात इंग्रजी शब्द? माझ्या हातून? मी रात्रभर नव्हे पण दुपारभर विचार केला. पट्टीवर उभं राहायचं आणि घसरायचं. फिसलणं आणि पट्टी. झालं! मी सुरेख अक्षरात लिहिलं, 'सार्वजनिक फिसलपट्टी उद्यान के निर्माण हेतु'. वहिनींनी चष्मा लावून वाचलं. "भाऊजी, फिसलपट्टी म्हणजे आपली घसरगुंडीच ना?" मी म्हणालो, "वहिनी, तुम्ही कवायत शिकवा, ड्राफ्ट मला करू द्या." त्यांनी सही केली.

अर्ज इतक्या झटपट मंजूर झाला की माझी मान महिनाभर ताठ होती. आणि एक दिवस आमच्या मोहल्ल्यामागच्या मोकळ्या जागेत ट्रक आला, त्यातून उतरला एक हत्ती. फायबरचा, निळा, सोंडेची घसरगुंडी असलेला. नारळ फुटला, फोटो झाले, टाळ्या झाल्या. निकिता बोर्ड काखेत धरून उभी होती. तिचं तोंड बघवत नव्हतं. मी चोरासारखा मागे सरकलो. वहिनींनी पदर तोंडात धरला आणि हसायला लागल्या, हसता हसता खाली बसल्या, डोळे पुसले. "अहो भाऊजी," म्हणाल्या, "तुमचा ड्राफ्ट सोंड घेऊन आला की हो!" तेव्हा मला बरं वाटलं होतं, की चला, बाईला राग तरी नाही आला.

पण ते प्रकरण हसण्यावारी जाणारं नव्हतं. पुन्हा अर्ज घेऊन गेलो तर बाबू म्हणाला, "आपकी माँग तो पूरी हो चुकी है. फिसलपट्टी लगी है ना?" खरंच होतं त्याचं. कागदावर आमची मागणी पुरी झाली होती, तीही माझ्या अक्षरात. एक अख्खं वर्ष आणि वर काही महिने त्या एका शब्दाला खोडण्यात गेले. वहिनी दर मंगळवारी जायच्या, मला सोबत घेऊन. दर वेळी आत शिरताच सांगायच्या, "चूक आमचीच झाली, मीच नीट समजावून सांगितलं नाही." माझं नाव एकदाही घेतलं नाही. घेतलं असतं तर बरं झालं असतं, मी निदान भांडलो तरी असतो. या काळात त्या बारीक होत गेल्या. विचारलं की म्हणायच्या, उन्हाळा आहे. हिवाळ्यात विचारलं तेव्हा म्हणाल्या, दाताचं चाललंय, जेवण जात नाही. मी विश्वास ठेवला. मला कोणीही काहीही सांगावं, वाक्य नीट असलं की मी विश्वास ठेवतो.

शेवटी निकिताने मोबाईलमधली चित्रं छापून आणली, अर्जावर मोठ्या अक्षरात 'स्केटपार्क' लिहिलं, आणि जागा तीच, हत्तीशेजारची, मिळाली. सिमेंट-खडी सरकारी, मेहनत बरीचशी मोहल्ल्याची. काम करायला चांदनी गावचा गणपत मिस्त्री आला. जन्मभर हौद आणि विहिरी बांधलेला माणूस. चित्र उलटंसुलटं करून म्हणाला, "बाई, आत पाणी नाही, वर झाकण नाही, ह्या कोरड्या हौदाचं करायचं काय?" वहिनी म्हणाल्या, "पोरी पोहतील त्यात." तेव्हापासून कोरडा हौद हेच नाव पडलं. गोलाई बरोबर आली की नाही हे गणपतलाही सांगता येईना. वहिनींनी शाळेतला एक जुना चेंडू आणला. त्या एका काठावर उभ्या राहायच्या आणि चेंडू सोडायच्या. तो खाली जाऊन समोरचा काठ चढला की पास, मध्येच अडखळला की "गणपत, परत घोट." तीन वेळा त्याला घोटायला लावलं. चौथ्या वेळी चेंडू समोर निकिताच्या हातात गेला, आणि गणपतनेच टाळी वाजवली.

हे झालं वैशाखात. आमच्याकडचं ऊन वाचकांना सांगायला नको. गणपत म्हणाला, एकवीस दिवस तराई करा, म्हणजे पाणी मारत राहा, नाहीतर तडे जातील. गोणपाट पुरेना. निकिताच्या काकाची तापीकाठी केळी आहेत, त्याने ट्रॉलीभर सोपटं पाठवली, केळीच्या बुंध्याची ती ओली, जाड सालं. ती हौदभर अंथरली तर पाणी दिवसभर टिकलं. गणपत मात्र कुरकुरत होता, "केळीच्या चिकाचे डाग पडतील, ते मरेपर्यंत जायचे नाहीत." वहिनी म्हणाल्या, "राहू दे की." आणि रोज सकाळ-संध्याकाळ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून, हातात पाइप धरून त्या पाणी मारायच्या. उभं राहवत नव्हतं, हे मी पाहत होतो. मी म्हणायचो, द्या इकडे. त्या म्हणायच्या, "तुम्ही दिवस मोजा, भाऊजी, मला हिशेब राहत नाही." मी मोजत होतो. आठव्या दिवशी संध्याकाळचं पाणी मारून घरी गेल्या, दम लागला म्हणून संजय त्यांना खंडव्याला दवाखान्यात घेऊन गेला. नवव्या दिवशी पहाटे त्याचा फोन आला. एकविसातून आठ गेले... उरले तेरा.

त्या तेरा दिवसांचं मला फारसं काही सांगता येणार नाही. घरात सुतक, माणसं येत-जात होती, मी वेळ झाली की उठायचो आणि त्याच खुर्चीवर जाऊन बसायचो. पाइपातून पाणी यायचं, सोपटांवर पडायचं. लोक लांबून बघायचे, जवळ कोणी यायचं नाही. निकिता एकदा आली, थोडा वेळ उभी राहिली आणि गेली. दहाव्याला तापीच्या राजघाटावर कावळा चटकन शिवला. सगळे म्हणाले, बाईंची काही इच्छा राहिली नव्हती. मला मनातल्या मनात वाटलं, हे कावळ्याला काय ठाऊक. हौद अजून झाकलेलाच होता.

त्याच दिवशी संध्याकाळी संजयने मला वहिनींची फाईल दिली. हौदाजवळ लावायच्या पाटीचा मजकूर करून द्या म्हणाला. फाईलमध्ये हळदीची पानं होती, माझा तो अर्ज होता, छापलेली चित्रं होती, आणि त्यांच्यामध्ये इंदूरच्या डॉक्टरांचा एक रिपोर्ट. मी आधी तारीख बघतो, सवय आहे. हत्तीला नारळ फुटला त्याच्या आठवडाभर आधीची होती. म्हणजे पदर तोंडात धरून त्या हसत खाली बसल्या, तेव्हा त्यांना आपल्या आजाराचं माहीत होतं. किती वेळ उरलाय हेही डॉक्टरने साधारण सांगितलं होतं. आणि माझ्या एका शब्दाने त्यातलं वर्षाच्या वर खाल्लं होतं. मी संजयला विचारलं, "मला का नाही सांगितलं?" तो म्हणाला, "आईने शपथ घातली होती. म्हणाली, अनंतभाऊजींना कळलं तर ते स्वतःला माफ करणार नाहीत." मी "बरं" म्हणालो. फाईल मिटली. तेव्हाही रडू आलं नाही.

तेराव्याला गोडाचं जेवण झाल्यावर आम्ही सोपटं उचलली. हौद काचेसारखा घोटलेला, एकही तडा नाही, आणि तळापासून काठापर्यंत तपकिरी डाग. माझ्या पांढऱ्या सदऱ्यावरही तसेच आहेत. बायकोने लिंबू लावलं, सोडा लावला, शेवटी म्हणाली, केळीचा डाग आहे, जायचा नाही. पाटीसाठी मी एकच शब्द लिहून दिला, स्केटपार्क. बाबू म्हणाला, "बाबूजी, आप तो इतनी अच्छी हिंदी लिखते हैं, कुछ बढ़िया-सा नाम?" मी म्हटलं, यही रहने दो. हत्ती मात्र हलवू दिला नाही. तसं वहिनींनीच सांगून ठेवलं होतं, लहान पोरं खेळतात म्हणून.

एकवीस दिवस कधीच संपले, तरी वेळ झाली की माझे पाय तिकडे वळतात. पाइप काढून नेला, म्हणून मी घरून बादली भरून नेतो. कशाला, ते विचारू नका. परवा मी काठावर उभा राहून बादली तिरपी करतच होतो, तेवढ्यात निकिता खालून ओरडली, "आजोबा, पाणी मत मारो ना! गीला हुआ तो फिसल जाएँगे हम."

मी विचारलं, "काय होईल?"

"फिसल जाएँगे!"

मला हसू फुटलं. इतक्या आठवड्यांनी पहिल्यांदा. पदर नव्हता म्हणून धोतराचा सोगा तोंडात धरला आणि हसत हसत हत्तीच्या सोंडेच्या टोकावर बसलो, आणि मग काय झालं कळलं नाही, मोठ्याने रडलो. मला माफ करा वहिनी, असं काहीतरी म्हणतही असेन. खेळ थांबला. निकिता बोर्ड टाकून वर आली. घाबरली होती बिचारी. माझ्याकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाली, "डाल दो आजोबा... थोड़ा-सा. किनारे से."

मी उठलो आणि कडेकडेने थोडंसं पाणी मारलं.