एखादी चूक सांगा : शितोळेबाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त

श्रीमती विमल शितोळे यांची आणि माझी पहिली भेट आमच्या महाविद्यालयाच्या फाटकावर झाली. मी नोकरीच्या मुलाखतीसाठी आले होते. नारायण पेठेतून वाघोलीला पोचायला किती वेळ लागेल याचा अंदाज नसल्यामुळे घरून फारच लवकर निघाले आणि पाऊण तास आधी येऊन उभी राहिले. पहारेकऱ्याच्या टेबलापाशी निळ्या साडीतल्या आणि पायांत कॅनव्हासचे बूट घातलेल्या एक वयस्कर बाई पाहुण्यांची नोंदवही तपासत होत्या. त्यांनी माझी सही पाहिली, घड्याळ पाहिले आणि विचारले, "इतक्या लवकर? शिस्तीच्या आहात की घाबरट?"

"घाबरट," मी म्हणाले. दुसरे काही सुचलेच नाही.

"बरं झालं. शिस्तीचे लोक आमच्याकडे पुष्कळ आहेत," असे म्हणून त्यांनी माझ्या नावापुढची वेळ दुरुस्त केली. मी ती पाच मिनिटांनी चुकवली होती.

त्या आमच्या गुणवत्ता आणि पडताळणी विभागाच्या प्रमुख आहेत आणि तासाभराने त्याच माझी मुलाखत घेणार आहेत, हे मला आत गेल्यावर कळले. त्या दिवसापासून आजपर्यंत, म्हणजे सहा वर्षे, मी त्यांच्या हाताखाली काम करते आहे.

ज्यांना आमचे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. आमचे महाविद्यालय विनाअनुदानित आहे. अकरावी-बारावीच्या वयाची मुले येथे परदेशी मंडळाचा अभ्यासक्रम शिकतात. शिक्षक देशभरातून येतात, काही परदेशातूनही येतात. वर्गात जे शिकवले जाते ते मुलांपर्यंत पोचते का हे पाहणे, आणि मुलांच्या जवळ काम करायला येणारा प्रत्येक माणूस तो म्हणतो तोच आहे का याची खात्री करून घेणे, ही दोन कामे आमच्या विभागाकडे आहेत. बाईंनी आधी महापालिकेच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवले. निवृत्तीनंतर त्या येथे आल्या. येथे सगळ्यांना 'मॅम' म्हणायची पद्धत आहे. शितोळेबाईंना मात्र प्राचार्यांपासून शिपायांपर्यंत सगळे 'बाई'च म्हणतात, आणि बाई सगळ्यांना 'तुम्ही' म्हणतात.

वर्गतपासणीला त्या मला पहिल्यांदा घेऊन गेल्या तो तास भौतिकशास्त्राचा होता. शिकवणारे सर हुशार, बोलणे ओघवते, फळ्यावरच्या आकृत्या देखण्या. मी भारावून ऐकत होते. बाई सरांकडे पाहतच नव्हत्या. त्या शेवटून दुसऱ्या बाकावर एका मुलीशेजारी बसल्या होत्या आणि तिच्या वहीकडे पाहत होत्या. बाईंची स्वतःची वही वेगळ्या पद्धतीची असते. डाव्या पानावर फक्त पाहिलेले आणि ऐकलेले, घड्याळाच्या वेळेसह. उजवे पान कोरे ठेवायचे. मत तेथे लिहायचे, तेही दुसऱ्या दिवशी.

तास संपल्यावर त्यांनी डावे पान सरांपुढे ठेवले. त्यात एकाच प्रकारची नोंद पुन्हा पुन्हा आली होती, फक्त वेळ बदलून : 'दहा वाजून बारा मिनिटे, प्रश्न विचारला. दहा वाजून बारा मिनिटे, उत्तर स्वतःच दिले.'

सर खजील झाले. "बाई, मी एवढा घाईत असतो?"

"मला काय माहीत? मी वेळ लिहिली आहे, मत लिहिलेलं नाही," बाई म्हणाल्या. "बरोबर असेल तर सही करा. चुकीचं असेल तर घड्याळ दाखवा."

सरांनी सही केली. पुढच्या तपासणीला ते प्रश्न विचारून झाल्यावर पाठीमागे धरलेल्या हातांच्या बोटांवर सातपर्यंत मोजत होते. मी ते मागून पाहिले. सहाव्या बोटाला त्या शेवटून दुसऱ्या बाकावरच्या मुलीने हात वर केला.

पडताळणीच्या कामातही बाईंची पद्धत अशीच साधी आहे. प्रत्येक उमेदवाराला दोन शिफारसपत्रे आणावी लागतात. पत्रे सगळीच सुंदर असतात. म्हणून पत्र देणाऱ्याला बाई स्वतः फोन करतात आणि इकडचे तिकडचे विचारून झाल्यावर म्हणतात, "आता यांची एखादी चूक सांगा." समोरचे गडबडतात. 'छे छे, चूक अशी काहीच नाही' म्हणतात. बाईंचे म्हणणे असे की, ज्याला एकही चूक आठवत नाही तो एक तर उमेदवाराला ओळखत नाही, नाहीतर त्याचा नातेवाईक आहे. एकदा परदेशातून आलेल्या एका शिक्षकांनी आपली एवढी चौकशी कशासाठी, असे जरा रागाने विचारले. बाईंनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि सांगितले की ही चौकशी माझीही झाली होती, चहासुद्धा असाच फिक्का होता.

नियम सैल न करता माणसाला धरून कसे ठेवावे हे मी त्यांच्याकडून एका प्रसंगात शिकले. वसतिगृहात साफसफाईच्या कामासाठी यवतमाळकडच्या सुनंदाताई आल्या होत्या. पोलिसांच्या चारित्र्य पडताळणीला राहत्या पत्त्याचा कागद लागतो आणि त्यांचा घरमालक भाडेकरार द्यायला तयार नव्हता. "बाई, माझ्यासाठी तेवढं सोडा ना," त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या. बाई म्हणाल्या, "नियम सोडता येत नाही. पण रांगेत एकटीनं कशाला उभं राहायचं?" त्या घरमालकाकडे गेल्या, तेथे त्याच्याशी काय बोलल्या कोण जाणे, कागद मिळाला. मग पोलीस ठाण्याच्या बाकावर दोन दिवस सुनंदाताईंच्या शेजारी बसल्या. जाताना शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा घेऊन जात. तपासणीच्या वह्याही तेथेच बसून पुऱ्या करत.

आता माझ्याविषयी लिहायला हवे, कारण बाईंविषयी मला जे खरोखर माहीत आहे ते त्या एका गोष्टीतून आले आहे.

लहानपणी मला दमा होता. पाचवीपर्यंत मी शाळेत गेलेच नाही, घरीच शिकले. आईने मराठी शिकवले, आजोबांनी गणित, आणि बाकी सगळे मामांनी. मामांचा पेठेत शिकवणीचा छोटा वर्ग आहे. पदवीनंतर दोन वर्षे मी तेथेच शिकवले. नोकरीचा अर्ज भरताना दोन शिफारसपत्रांपैकी एक मी मामांचे जोडले. 'आपला संबंध' या रकान्यात लिहिले : 'माझे शिक्षक आणि पूर्वीचे संस्थाचालक.' प्रत्येक शब्द खरा होता. आमची आडनावे वेगळी. त्याच रकान्याखाली 'शिफारस करणारी व्यक्ती नातेवाईक नसावी' अशी बारीक अक्षरांतली ओळ होती. ती मी वाचली नव्हती असे मी बरेच दिवस स्वतःला सांगत आले. ते खरे नाही. मी ती वाचली होती. घराबाहेरचे आणखी कोणी माझ्याविषयी काही सांगू शकेल असे मला वाटतच नव्हते.

एक वर्ष झाले. मी अजून परिवीक्षेवरच होते, कायम झाले नव्हते. परदेशी मंडळाच्या निरीक्षकांची भेट ठरली. निरीक्षक कर्मचाऱ्यांच्या कोणत्याही दहा फायली मागतात, म्हणून आदल्या दिवशी मी सगळ्या फायलींचा तक्ता करत होते. शेवटचा रकाना 'नाते नाही' असा होता आणि त्यात बरोबरची खूण करायची होती. खुणा करत करत मी माझ्या नावापर्यंत आले आणि हात थांबला. दुसऱ्यांच्या फायलींतली अशी एक ओळ मी सोडली नसती. आता खूण केली तर खोटे लिहिले जाणार होते, नाही केली तर माझी नोकरी जाणार होती. मी तक्ता घेऊन बाईंच्या खोलीत गेले आणि उभ्या उभ्याच सगळे सांगितले.

कार्यालय अधीक्षक दाभाडे सर तेथेच बसले होते. मनाने चांगले गृहस्थ. ते लगेच म्हणाले, "अहो अनघा, एवढंच ना? तुमच्या कॉलेजातल्या एखाद्या मॅडमना सांगा, संध्याकाळपर्यंत पत्र मेल करतील. ते लावा, मामांचं काढून टाका. कोण बघतंय?"

"मॅडमचं पत्र मागवाच," बाई म्हणाल्या. "पण मामांचं काढायचं नाही."

"बाई, आणि उद्या नेमकी हीच फाइल निघाली तर?"

"तर निघेल. दाभाडे, फाइल ठेवतात ती निघण्यासाठीच."

मग त्यांनी माझी फाइल उघडली, मामांचे पत्र काढून पुन्हा वाचले आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "सख्खे मामा?"

"हो."

"मी त्यांना फोन केला होता. एखादी चूक सांगा म्हटलं, तर क्षणात म्हणाले, फळ्यावर लिहिलेलं तीनदा तपासते आणि तेवढ्यात तास संपतो. मी म्हटलं, असं बोलणारा माणूस नात्यातला असूच शकत नाही. नातं आहे का, हे विचारलंच नाही." त्या जराशा हसल्या. "इतक्या वर्षांत मला फसवलं ते एका खरं बोलणाऱ्या माणसानं."

त्यांनी एक कोरा कागद घेतला आणि चार ओळी लिहिल्या. काय त्रुटी आहे, ती कोणी निदर्शनास आणली, आणि शेवटी 'पडताळणी अधिकाऱ्याची चूक', खाली सही. मी म्हणाले, "बाई, चूक माझी आहे."

"तुमची चूक तुम्ही लिहा. हा घ्या कागद. ही माझी आहे."

मी लिहिली. माझे अक्षर वाचता येत नव्हते म्हणून त्यांनी मला ती पुन्हा लिहायला लावली. दोन्ही कागद मामांच्या पत्रामागे टाचून झाल्यावर त्यांनी विचारले, "जेवलीस का?" बाईंनी मला 'तू' म्हटल्याचे तेवढेच आठवते. दुसऱ्या दिवशी पुन्हा 'तुम्ही' सुरू झाले.

निरीक्षकांनी दहा फायली मागितल्या. त्यांत माझी नव्हती. दाभाडे सरांनी माझ्याकडे पाहून हलकेच सुस्कारा सोडला. तेवढ्यात बाईंनी अकरावी फाइल टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "ही तुम्ही मागितलेली नाही. आम्ही दाखवतो आहोत."

अहवालात आमच्या अध्यापनाला सर्वोच्च श्रेणी मिळाली. पडताळणीला त्याखालची मिळाली, आणि त्यामुळे महाविद्यालयाची एकूण श्रेणीही एका पायरीने उतरली. बाई त्या श्रेणीसाठी किती वर्षे खपल्या होत्या हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. प्राचार्य नाराज झाले. त्यांनी माझी परिवीक्षा सहा महिन्यांनी वाढवली, आणि बाईंनी त्याला विरोध केला नाही. सहा महिन्यांनी मी कायम झाले तेव्हाही त्यांनी फक्त कागद पुढे सरकवला. माझ्या कॉलेजातल्या मॅडमचे पत्र आजही फाइलमध्ये आहे. बाईंनी त्यांना फोन करून माझी एखादी चूक विचारली तेव्हा त्यांना एकही आठवली नाही. पत्राच्या समासात बाईंच्या अक्षरात शेरा आहे : 'ओळख वरवरची.'

पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथाच्या संपादकांनी आम्हा सर्वांना लेखन 'गौरवपर असावे' असे कळवले आहे. पण बाईंच्याच नियमाने पाहिले तर एकही चूक न सांगणारा लेख विश्वासाला पात्र ठरत नाही. म्हणून एक सांगते.

उजव्या पानावरचे मत बाई दुसऱ्या दिवशी लिहीत, पण शिक्षकाला ते सत्र संपल्यावरच दाखवीत. मत मुरू द्यावे, असे त्यांचे म्हणणे. आमच्याकडे रसायनशास्त्राच्या एक तरुण शिक्षिका होत्या. सबंध सत्र त्यांनी फक्त डावी पाने वाचली. कोठे मुले गोंधळली, कोणता प्रश्न तसाच राहिला, किती मिनिटे वाया गेली. आपल्याला शिकवता येत नाही अशी त्यांची खात्री झाली आणि त्यांनी राजीनामा दिला. त्यांची फाइल बंद करताना मी उजवे पान पाहिले. त्यावर लिहिले होते : 'यांच्या वर्गात मुले चुकायला घाबरत नाहीत. मला असे कधी जमले नाही.'

मी ते पान बाईंपुढे ठेवले. मग त्यांनी त्याची प्रत काढून स्वतः त्या शिक्षिकांच्या घरी नेऊन दिली. शिक्षिका मात्र परत आल्या नाहीत. तोवर त्या दुसरीकडे रुजू झाल्या होत्या. तेव्हापासून उजवे पान तिसऱ्या दिवशी दाखवले जाते. तोंडाने कौतुक करणे मात्र बाईंना अजूनही जमत नाही.

हा प्रसंग छापू का, असे मी त्यांना विचारले. बाई म्हणाल्या, "लिहा. नाही लिहिलंत तर लोक म्हणतील, ही शितोळेबाईंची भाची दिसते."

तेव्हा हे माझे उजवे पान आहे, आणि ते उशीर होण्याआधी त्यांच्या हाती पडावे अशी इच्छा आहे. बाईंना निरोगी आणि दीर्घ आयुष्य लाभो. त्यांच्या गुडघ्यांनी वर्गांच्या जिन्यांना अशीच साथ द्यावी, नजर शेवटून दुसऱ्या बाकावरची वही वाचण्याइतकी तीक्ष्ण राहावी, आणि शंभरीच्या ग्रंथासाठी आम्हाला त्यांची आणखी एखादी चूक शोधावी लागावी.

रिवाजाप्रमाणे शेवटचा रकाना भरते. शिफारस करणारीचा संबंध : हाताखालची कर्मचारी आणि विद्यार्थिनी. नाते : नाही. ही नोंद मी तीनदा तपासली आहे. ती खरी आहे, आणि ती लिहिताना या वेळी थोडे वाईट वाटले.