कार्डातला मासा

आमच्या गावात कोणी वाढवून सांगायला लागलं की ऐकणारा म्हणतो, ‘भाऊचा मासा.’ एवढं म्हटलं की पुढे काही बोलावं लागत नाही. पुढारी रस्ता मंजूर झाल्याचं सांगून गेला, भाऊचा मासा. नवरदेवाकडे विहिरीसकट शेती आहे, भाऊचा मासा. चिमूरजवळच्या आमच्या तलावाकाठच्या गावात हे बोलणं कुठून सुरू झालं ते मला चांगलं ठाऊक आहे, कारण त्यातले भाऊ म्हणजे माझे बाबा.

बाबांनी जन्मभर तलावात जाळं टाकलं. घरी यायची ती चारचौघांसारखीच मासळी, पण गोष्ट मात्र नेहमी न आलेल्या माशाची असायची. जाळं फाडून गेलेला, डोंग्याला धडक देऊन गेलेला, हातात येऊन सुटलेला. गोष्ट सांगताना ते दोन्ही हात पसरत आणि बोलता बोलता हात आणखी लांब जात. माय चुलीपुढून मान वर न करता म्हणायची, “हात आखडा, भिंत लागन.” हे कोणीतरी ओट्यावरून ऐकलं, ते विहिरीवर गेलं, तिथून बाजारात. गाव हसायचं आणि बाबाही हसायचे. माय मात्र हसायची नाही, आणि मला वाटतं बाबांना लागायचं ते तेवढंच.

मी अहेरीला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. शाळेच्या संमेलनासाठी आणि खरं सांगायचं तर हौसेसाठीही मी डिजिटल कॅमेरा घेतला होता. तेव्हा तो आमच्या सगळ्या नात्यागोत्यात एकच होता. दसऱ्याच्या सुट्टीत गावी जाताना तो नेला आणि त्याची कम्प्युटरला जोडायची वायर अहेरीलाच विसरले. विसरल्याचं लक्षात आलं तेव्हा बस आलापल्लीच्या पुढे गेली होती. स्वतःला चार शब्द सुनावले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

दसऱ्याच्या आदल्या सकाळी माय आणि मी चहाची किटली घेऊन तलावाच्या पाळीवर गेलो. धानाला पाणी सोडणं चालू होतं, आणि पाणी सोडायच्या दाराशी बाबा एकटेच कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. जाळं ओढताना त्यांच्या मानेच्या शिरा दिसत होत्या. मग त्यांनी जाळ्यातून जे उचललं ते कतला होता, आणि तो त्यांच्या दोन्ही हातांत मावत नव्हता. त्यांनी तो लहान पोराला घ्यावं तसा छातीशी धरला आणि ओरडले, “काढ ना फोटो, पाहून काय राह्यली?”

मी फोटो काढला. कॅमेऱ्यानं टिक केलं, पडदा काळा झाला आणि सेल संपले. त्याच वेळी माशानं शेपटीचा एक तडाखा बाबांच्या गालावर दिला आणि तो तलावात परत गेला. पाण्यावर थोडा फेस राहिला, बाकी काही नाही. बाबांचे हात तसेच पसरलेले राहिले.

गावात बातमी पोचायला वेळ लागला नाही आणि हसू तिच्याही आधी पोचलं. बाबा म्हणाले, साक्षीदार आहेत. पोरगी बापाचंच म्हणणार, म्हणून माझी साक्ष कोणी धरली नाही. मायला विचारलं तर ती म्हणाली, “मले काय माहीत? मी चहा ओतून राह्यली होती.” बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मला मायचा राग आला. ती माझ्या उजव्या हाताला दोन पावलं पुढेच उभी होती, पण कॅमेऱ्याला डोळा लावून मी माशाशिवाय काही पाहिलंच नव्हतं, त्यामुळे तिनं काय पाहिलं हे मी छातीठोकपणे सांगू शकत नव्हते.

आता उरला तो फोटो. गावातल्या दुकानातले सेल घातले तर कॅमेऱ्याची भिंगाची नळी बाहेर यायची आणि लगेच मान टाकायची. बाबा काळजीत पडले. “सेल मेले म्हंजे मासाबी मेला का?” मी झाकण उघडलं, कार्ड दाबून बाहेर काढलं आणि त्यांच्या तळहातावर ठेवलं. म्हटलं, “मासा यात आहे. कॅमेरा बंद पडला तरी हे असलं म्हणजे झालं.” त्यांनी ते टपाल तिकिटाएवढं कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. “एवढ्यात?” मग ते मला परत देताना त्यांनी दोन्ही हातांनी दिलं.

दसरा झाला. मी सोनं वाटायला घरोघरी फिरले. दुसऱ्या दिवशी बाबांना घेऊन चिमूरला गेले. त्यांना यायचं कारण नव्हतं, पण ते नवा सदरा घालून बसस्टॉपवर माझ्याआधी उभे होते.

बसस्टँडजवळ एक कम्प्युटरचं दुकान होतं. आत झेरॉक्स, एका कोपऱ्यात फोनची काचपेटी, आणि टेबलावर कम्प्युटर, त्याच्यावर विणलेलं झाकण. दुकानदार माझ्या वयाचा, बोलका माणूस. वीज अकराला जाईल म्हणाला, म्हणजे वेळ थोडाच होता. बाबा दाराजवळच्या स्टुलावर बसले. मी कॅमेऱ्यातून कार्ड काढून दिलं. त्यानं ते कार्ड वाचायच्या रीडरमध्ये खोचलं, रीडर कम्प्युटरला लावला, आणि काहीच झालं नाही. पडद्यावर ना खिडकी उघडली, ना कम्प्युटरनं आवाज दिला.

“समोरचं भोक ढिलं आहे,” तो म्हणाला आणि मागच्या बाजूला रीडर लावला. काही नाही. कार्ड काढून त्यानं त्यावर जोरात फुंकर मारली. काही नाही. कम्प्युटर बंद करून परत चालू केला. त्या काळी ते चालू होईपर्यंत माणूस चहा पिऊन यायचा. तरी काही नाही.

“रीडर बिघडलेला असेल,” मी म्हटलं.

“डब्ब्यावर तं लिवलं आहे, सगळेच कार्ड वाचते म्हणून.” त्यानं डबा माझ्यापुढे धरला आणि हसला. “भाऊचा मासा!”

हे बोलणं चिमूरपर्यंत पोचलं होतं. मी बाबांकडे पाहायचं टाळलं. ते रस्त्याकडे बघत होते, पण स्टुलावर जरा ताठ झाले होते. दुकानदाराला बिचाऱ्याला काय ठाऊक?

मी वर्गात असले की करते तेच केलं, चूक कुठे आहे ते एकेक खोडत जाणं. त्याला म्हटलं, तुमच्याकडचं दुसरं कार्ड लावा. त्यानं एका लग्नाच्या फोटोंचं कार्ड लावलं. खटकन खिडकी उघडली आणि पंगतीत बसलेले लोक दिसले. म्हणजे रीडर धड, वायर धड, कम्प्युटर धड. दोष आमच्याच कार्डात. बोलूनचालून मास्तरीण, त्यामुळे उत्तर सापडल्याचा आनंद आधी झाला आणि ते उत्तर वाईट आहे हे नंतर कळलं.

त्यानं आमचं कार्ड पुन्हा लावलं, दाबून धरलं, थोडं तिरपं केलं. या वेळी कम्प्युटर बोलला. पडद्यावर इंग्रजीत पाटी आली: ही डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आत्ता करायची का? खाली हो आणि नाही. दुकानदाराचा बाण सरळ ‘हो’वर गेला.

“थांबा!” मी इतक्या मोठ्यानं ओरडले की झेरॉक्सला आलेलं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. “याचा अर्थ माहीत आहे का?”

“काई नाई होत जी मॅडम. कार्ड साफ होऊन जाते, बस्स.”

दारातून बाबा म्हणाले, “साफ कायले करता? साफ तं मी करूनच आणलं ना.”

मी वळले. “काय साफ केलं?”

बाबांनी सदऱ्याची गुंडी चाचपली. “थोडीशीच होती.”

“काय थोडीशी होती?”

“हळद,” ते म्हणाले. “आन कुकू. थोडंसं.”

मग सगळं बाहेर आलं. दसऱ्याला मी सोनं वाटत फिरत असताना बाबांनी घरची पूजा मांडली होती. जाळं, वल्हं, कोयता, मायचा विळा, आणि त्यांच्या मधोमध, आंब्याच्या पानावर, ते कार्ड. ज्याच्यावर पोट चालतं त्याची पूजा करायची, आणि जाळ्यात नाही राहिला तो मासा कार्डात राहिला होता, मग कार्डाला सोडून कसं चालेल? हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या, पाण्याचा हात फिरवला. मग मी चिडेन म्हणून धोतराच्या सोग्यानं पुसून पुन्हा कॅमेऱ्यात ठेवून दिलं. नीट, मी दाखवलं होतं त्याच बाजूनं.

“कॅमेऱ्याची पूजा करायची होती ना, कार्ड कशाला काढलं?” मी म्हटलं. आवाज चढला होता.

“तूच तं म्हनली, मासा यात आहे म्हणून.”

दुकानदारानं ‘नाही’वर बाण नेऊन पाटी घालवली आणि कार्ड दारातल्या उजेडात नेलं. कार्डाच्या एका कडेला सोनेरी पट्ट्या असतात, त्यांच्यामध्ये बारीक खाचा. त्या खाचांत हळद वाळून बसली होती. लग्नाआधीच हळद लागलेलं कार्ड, असं तो म्हणाला आणि एकटाच हसला.

माझ्या पर्समध्ये खोडरबर होता. कुठल्याही शिक्षिकेच्या पर्समध्ये असतो. ब्लेडनं त्याचा कोपरा निमुळता कापून घेतला आणि एकेक पट्टी हलक्या हातानं घासायला लागले. रबराचा भुगा पिवळा निघत होता. खाचांसाठी त्यानं कुठून तरी जुना दात घासायचा ब्रश आणून दिला. बाबा स्टुलावरून उठून माझ्या मागे येऊन उभे राहिले. त्यांचा श्वास ऐकू येत होता. घड्याळात अकराला थोडंच कमी होतं. मला भीती वाटत होती, हे लपवत नाही. फोटो गेला असता तर बाबा मला काही बोलले नसते, आणि त्या न बोलण्याचीच भीती होती.

कार्ड लावलं. कम्प्युटरनं आवाज दिला, खिडकी उघडली. शाळेच्या झेंडावंदनाचे फोटो, मुलांच्या रांगा, आणि सगळ्यात शेवटी एक.

“आधी उतरवून घ्या,” मी म्हटलं, “उघडायचा मग.” दुकानदारानं तो कम्प्युटरमध्ये घेतला, नंतर सीडीवर, आणि मग उघडला.

मासा होता. पूर्ण, डोक्यापासून शेपटीपर्यंत, आणि त्याच्या वर बाबांचा ओला चेहरा. दुकानदार खुर्चीतून पुढे झुकला, त्यानं एकदा पडद्याकडे आणि एकदा बाबांकडे बघितलं. “म्हंजे तुमीच का जी ते भाऊ?” त्याचे कान लाल झाले होते.

बाबांचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं, माशाकडेही नव्हतं. ते पडद्याच्या उजव्या कडेला बघत होते. तिथे माय होती. फोटो काढताना मला ती दिसलीच नव्हती. कपात चहा ओतायला तिनं किटली वाकडी केली होती, आणि चहा कपात न पडता सरळ तिच्या पायावर पडत होता. तिला पत्ता नव्हता. तिचं तोंड उघडं होतं, भुवया कपाळात गेल्या होत्या, आणि ती बाबांकडे बघत होती. मायला असं बघताना मी कधीच पाहिलं नव्हतं.

“हे मोठं होते का?” बाबांनी विचारलं.

“मासा ना? होते ना, पायजे तेवढा मोठा करून देतो.”

“मासा नाई. बाई.”

वीज जायच्या आत दोन फोटो छापून निघाले, एक पूर्ण आणि एक नुसता मायचा. मायचा बाबांनी कोणाला दाखवला नाही. सदऱ्याच्या खिशात घातला आणि घरापर्यंत खिशावर हात ठेवून आले.

पूर्ण फोटो संध्याकाळी ओट्यावर हातोहात फिरला. पाहणाऱ्यांनी बोटांनी मासा मोजून पाहिला. पण आमचं गाव सहजासहजी हरणारं नव्हे. एक म्हातारा फोटो डोळ्यांजवळ नेऊन म्हणाला, “कम्पुटरवर का बा, लहानाचं मोठं करता येते. माह्या नातवानं पाह्यलं आहे.” सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. कोणीतरी ठेवणीतला शब्द काढलाच, भाऊचा मासा. मला संताप आला, पण करणार काय? कम्प्युटरवर बाईला मोठं करून आणणारा माणूस समोर बसला होता, आणि म्हातारा काही अगदीच खोटं बोलत नव्हता.

बाबांनी वाद घातला नाही. सवयीनं त्यांचे हात उचलले गेले आणि मासा केवढा होता ते सांगायला पसरू लागले. पसरता पसरता ते जरा अडखळले, कारण आत चुलीपुढे माय बसली होती. तिच्या पायाला चहानं भाजलेलं होतं, त्यावर तिनं खोबरेल लावलं होतं. कशानं भाजलं ते तिनं कोणाला सांगितलं नव्हतं.

माय मान वर न करता म्हणाली, “आणखी.”

बाबांनी वळून दाराकडे पाहिलं. हात थोडे लांब गेले.

“आणखी थोडे पसरा,” ती म्हणाली. “मी पाह्यला आहे ना.”

बाबांनी हात पसरले. त्यांचा डावा हात भिंतीला लागला.