दहा पायल्या आणि नऊ रेघा

माझी मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या सेमिनारचा विषय ऐकून मी हातातला घास खाली ठेवला होता. पदार्थ, म्हणजे वस्तूतला माल, ही भौतिकशास्त्रात जास्तीची मिती मानता येईल का? लांबी, रुंदी, उंची आणि काळ या चार मला ठाऊक होत्या. पण गोंदियातल्या एका राईस मिलच्या काट्यावर मी सव्वीस वर्षं बसतो. दोन पोती मापाला सारखी आणि वजनाला वेगळी, हे रोज बघतो. मी लगेच म्हणालो, "मानता येते. त्यात विचारायचं काय?"

"असं नसते, बाबूजी," ती म्हणाली. "मिती म्हणजे सरकायला मोकळी दिशा. जागा आणि वेळ ठरली, की तिथं माल किती ते ठरूनच जाते. मंग तो वेगळा कुठं सरकन?"

मला ते पटेना. मी म्हटलं, मोजून पाहू. याच सेमिनारवरून प्रोजेक्टसाठी एकीची निवड होणार होती, आणि तिच्या हातात काहीतरी ठोस असावं असं मला वाटत होतं.

रविवारी सकाळी दवनीवाड्यातल्या आमच्या घरी ढोलीतून, म्हणजे साठवणीच्या कणगीतून, धान काढलं. पायलीच्या मापात भरून, वरून फळी फिरवून, सपाट करून, मी स्वतः मोजलं. दहा पायल्या भरल्या. सगळं पोत्यात घालून वजन केलं. तेच धान पुन्हा मोजलं तेव्हा बायको पायली भरत होती, फळी फिरवून आकडा मी बोलत होतो आणि खडूनं भिंतीवर रेघा मारत होतो. शेवटी रेघा मोजल्या. नऊ! वजन पुन्हा केलं, तर काटा हललासुद्धा नाही.

माझ्या अंगावर काटा आला. माल तेवढाच आणि जागा एका पायलीनं कमी. "बघ," मी ओरडलो, "माल जागेला बांधलेला नाही!"

"धान दबून बसलं असन, बाबूजी."

"दबून दहातला एक भाग जाते का? फळी मी फिरवली. माझं माप चुकत नाही."

तिनं भिंतीवरच्या रेघा स्वतः एकदा मोजल्या. मग तिनं ते वहीत उतरवलं.

सेमिनारला पालकांना बसू देत होते. मी शेवटच्या बाकावर होतो. तिनं फळ्यावर दोन ओळी लिहिल्या, दहा आणि नऊ, आणि दोन्हींपुढे एकच वजन. प्राध्यापकांनी चष्मा काढला.

"एक पायली गेली कुठे?"

"तेच तर दाखवायचं आहे, सर."

"मोजलं कोणी?"

"माझ्या बाबूजींनी. त्यांची मोजणी चुकत नाही."

माझ्यापुढच्या बाकावरच्या पोरी खुसखुसल्या. "उंदरानं नेली असन, दुसऱ्या मितीत," एक म्हणाली आणि वर्ग हसला. माझी मुलगी हसली नाही. ती ताठ उभी होती.

मी मनातल्या मनात मोजणी पहिल्यापासून म्हणू लागलो, आणि पहिल्याच पायलीला थांबलो. आमच्याकडे धान मोजताना पहिल्या पायलीला 'एक' म्हणत नाहीत, शुभ म्हणून 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन. माझे वडील 'लाभ' म्हणताना हात जोडायचे, मीही जोडतो. त्या दिवशी खडू हातात धरूनच मी हात जोडले होते. रेघ मारली ती 'दोन'पासून. तोंडानं मी दहा म्हटलं असणार, आणि भरवसा ठेवला भिंतीवर.

गप्प राहिलो असतो तर कुणाला कळलं नसतं. मी उभा राहिलो.

"सर, चूक माझी आहे. पहिल्या पायलीची रेघ राहिली. दोन्ही वेळा दहाच होत्या."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं, वळून नऊचा आकडा पुसला आणि तिथं दहा लिहिलं. "म्हणजे माल कुठं सरकला नाही," ती म्हणाली. "माझ्याजवळ आता पुरावा नाही, सर." उरलेला भाग तिनं न अडखळता मांडला. पण पुढे विचारलेल्या दोन प्रश्नांची उत्तरं तिला नीट देता आली नाहीत. निवड दुसऱ्या मुलीची झाली.

ऑटोत मी म्हणालो, "तुला तर अगोदरच पटलं नव्हतं. मंग काऊन लिहिलं?"

"तुमी मोजलं होतं ना."

मला खरा धक्का बसला तो इथे. सव्वीस वर्षं माझ्या आकड्यावर लोक विश्वास ठेवतात याचा मला अभिमान होता. तिनं माझ्या आकड्यासाठी स्वतःला कळलेलं बाजूला ठेवलं होतं, आणि मी ते ठेवू दिलं होतं.

घरी येऊन ओला फडका घेतला, पण भिंत पुसवेना. ती माझ्यामागे येऊन उभी राहिली. खडू घेतला आणि नऊ रेघांच्या आधी, डाव्या बाजूला, एक रेघ मारली.

"आता पुसा," ती म्हणाली.